वैशाखातली भावकी

आमची भावकी वर्षातून एकदाच पुरी जमते, ती वैशाखात, गावच्या यात्रेला. गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे, कांदाटी खोऱ्यात, डोंगराच्या उतारावर आहे. तापोळ्यापर्यंत एसटी नाहीतर गाडी, पुढे लाँच, आणि लाँचमधून उतरलं की अर्ध्या तासाची उभी चढण. तरीही यात्रेच्या काही दिवस आधीच घराच्या पडवीत चपलांचा ढीग झालेला असतो. कोपरखैरण्याची माणसं आलेली असतात, ठाणे जिल्ह्यातली, सोलापूरकडची. मी पुण्याहून जाते, लेकीला आणि मुलाला घेऊन. माझं ते माहेर. मुलांच्या सुट्टीत थंड हवेची पुष्कळ ठिकाणं आम्ही पाहिली, पण त्यांची खरी सुट्टी या घरात होते असं माझं ठाम मत आहे.

एका घरची माणसं इतकी लांबलांब का पांगली, हे मुलांना दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. आजोबांची पिढी खाली, नदीकाठच्या सपाटीवर राहायची. काठाला भाताची खाचरं, डोंगरावर नाचणी आणि वरी. पाटण तालुक्यात हेळवाकजवळ कोयना धरण बांधायला घेतलं ते 1950 च्या दशकात, आणि 1960 नंतरच्या दोन-तीन पावसाळ्यांत पाणी आमच्या शिवारात चढलं. 103 मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे शंभर टीएमसीहून अधिक पाणी साठतं आणि सुमारे पन्नास किलोमीटर मागे, थेट तापोळ्यापर्यंत फुगतं. आमची खाचरं, खळं, घर आणि भैरवनाथाचं जुनं देऊळ त्यात गेलं. कोयनेच्या धरणग्रस्तांना सातारा जिल्ह्यात, तसंच ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांत जमिनी मिळाल्या. आमच्याकडे तीन भाऊ होते. मधले ठाणे जिल्ह्यात गेले, धाकटे सोलापूरकडे. थोरले, म्हणजे माझे आजोबा, खोरं सोडायला तयार झाले नाहीत. त्यांनी बुडत्या घराची दारं, चौकटी काढल्या आणि डोंगरावर वर सरकून पुन्हा घर बांधलं. माझ्या वडिलांच्या वाट्याला त्या घरात शेती उरली नाही. ते मुंबईला गेले, मशीद बंदरला माथाडी म्हणून गोणी उचलायला लागले आणि बाजार वाशीला हलला तेव्हा कोपरखैरण्यात राहायला आले. जावळी-महाबळेश्वरच्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे.

भावकी तुटली नाही याचं श्रेय मी आजीला देते. तिनं नेम घालून दिला होता. लग्नाला नाही जमलं तरी चालेल, बारशाला नाही जमलं तरी चालेल, पण भैरवनाथाच्या पालखीला प्रत्येक घरातला एक खांदा हवा. दोन्ही धाकटे दीर गाव सोडून निघाले तेव्हा तिनं त्यांना देवघरातले टाक वाटून दिले. त्यांच्या नव्या गावठाणांत पुढे नवी देवळं झाली, नव्या यात्रा सुरू झाल्या. तरी वैशाखात ते इकडे यायचेच. त्या काळी साताऱ्याहून बामणोलीला पोचायचं, तिथून होडी, आणि मग पायपीट. आत्या सांगते, सोलापूरच्या चुलत आजीनं सव्वा महिन्याच्या बाळाला घेऊन असा प्रवास केला होता. ते बाळ म्हणजे आताचे आमचे बापूकाका. आज साठी ओलांडलेले हे काका दर वर्षी सगळ्यांच्या आधी हजर असतात.

पोचल्यावर पहिल्याच दिवशी विश्रांती मिळेल अशी अपेक्षा इथे कुणी ठेवत नाही. पाय धुवायचे, गूळ-पाणी घ्यायचं आणि कामाला लागायचं. वैशाखात इथे कामांची गर्दी असते. नाचणीच्या तरव्यांसाठी राब भाजून झालेला असतो. सरपण पावसाच्या आत माळ्यावर चढायला हवं असतं. आणि घर शाकारायचं असतं. महाबळेश्वरच्या या टापूत वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक कौल सरकलेलं राहिलं तर श्रावणापर्यंत खालची भिंत भिजून ओघळते. घरात बारा महिने राहणारे फक्त माझे काका तात्या आणि काकी, दोघंही सत्तरीच्या पुढची. एवढं छप्पर त्यांच्या हातून कसं व्हावं? म्हणून कौलं चाळायचं काम यात्रेला येणाऱ्यांनी करायचं, हा रिवाज पडला.

दोन तरणे आढ्यावर बसतात. तात्या अंगणातून सांगतात, कुठली ओळ आधी उतरवायची ते. मुलं शिडीपासून अंगणापर्यंत रांग धरतात आणि कौल हातोहात खाली येतं. एक जण फडक्यानं शेवाळ पुसतो, एक जण फुटकी वेगळी काढतो. यंदा माझ्या मुलाच्या एका हाताला ठाण्याचा मामेभाऊ होता, दुसऱ्या हाताला सोलापूरची बहीण. आल्यापासून तिघं एकमेकांना नुसतं बघत होती. दुपार टळेपर्यंत त्यांचा आपापसात आरडाओरडा सुरू झाला होता, "हळू दे, दोन-दोन नको!" ओळख करून द्यायची गरज उरली नाही. मुलांना समोरासमोर बसवून 'हा तुझा दादा, ही तुझी ताई' असं कितीही सांगितलं तरी नातं जमत नाही. एकत्र काम दिलं की ते एका दुपारीत जमतं. मी हे दर वर्षी बघते.

आत चुलीपुढे वेगळीच गंमत असते. आमच्या घरात यात्रेच्या दिवसांत तीन तऱ्हेच्या भाकऱ्या होतात. सोलापूरच्या काकू ज्वारीचं पीठ घेऊन येतात. ठाण्याच्या वहिनी तांदळाचं पीठ आणतात आणि उकड काढून मळतात. काकीचं पीठ घरच्या नाचणीचं. भाऊ जिथे गेले तिथल्या मातीत जे पिकलं ते साठ वर्षांत त्यांच्या ताटात आलं. ज्वारीची भाकरी परातीत थापली जाते आणि तव्यावर टाकताना तिचा आवाज होतो. तांदळाची पांढरी, मऊ, केळीच्या पानावर ठेवायची. नाचणीची काळसर, जाड, कुळथाच्या पिठल्याबरोबर खायची. एकाच काटवटीवर तिघी आलटून पालटून बसतात. माझ्या लेकीनं यंदा तिन्ही शिकायचा ध्यास घेतला. ज्वारीची भाकरी कडेला फाटत होती. काकूंनी तिचे हात आपल्या हातांत धरले आणि म्हणाल्या, "पीठ गरम पाण्यानं मळ बाई, आन् बोटानं नगं, तळहातानं फिरव." पाचव्या-सहाव्या खेपेला भाकरी फुगली. चुलीपुढच्या सगळ्या बायकांनी एकदम "आली!" म्हणून हाक दिली.

यात्रेच्या आधी एखादा दिवस सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं, हेही ठरलेलं. मुलांना घेऊन आम्ही क्षेत्र महाबळेश्वरला जातो. सकाळची लाँच पकडून तापोळा, तिथून जीप. वाट घाटानं चढत जाते आणि कान बंद होतात. साडेतेराशे मीटरच्या आसपासची उंची असल्यामुळे वैशाखातही तिथे सावलीत गार वाटतं. बाजाराच्या गर्दीत न अडकता आधी पंचगंगेच्या देवळात जायचं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी तिथे एका गोमुखातून पडतं. ओंजळ धरली की बोटं बधिर होतात. बापूकाकांनी तिथे कट्ट्यावर मुलांना बसवलं आणि कोयनेचा पुढचा प्रवास बोटानं जमिनीवर काढून दाखवला. इथून ती दक्षिणेला निघते, आपल्या खोऱ्याजवळून वाहते, हेळवाकला धरणात अडते. भिंतीखालून सुटलेलं पाणी पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेत मिळतं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. पण वीज करण्यासाठी घेतलेलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरतं, पोफळीची जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतं.

ठाण्याचा भाचा, आठवीतला, लगेच म्हणाला, "म्हणजे आमच्यासारखंच. काही कोकणाकडे, काही देशावर." कुणी त्याला असं काही सांगितलं नव्हतं. बापूकाका थोडा वेळ त्या रेघांकडे बघत राहिले आणि मग त्याच्या पाठीवरून हात फिरवला. धरण, विस्थापन, पुनर्वसन हे शब्द मुलांनी पुस्तकात वाचलेले असतात. त्या दिवशी त्यांना त्यात आपलं घर दिसलं. म्हणून मला वाटतं, मुलांना सहलीला न्यायचंच तर आपल्या घराची गोष्ट जिथून जाते अशा जागी न्यावं.

दुसरी फेरी असते खालच्या गावाची. कोयनेचं पाणी वर्षभर विजेला आणि शेतीला लागतं, त्यामुळे मे महिन्यात जलाशय खूप खाली उतरतो. काठाला तांबड्या मातीचे पट्टे उघडे पडतात. काही जण तिथे गाळपेर करतात. पाऊस कमी झालेल्या वर्षी पाणी इतकं उतरतं की जुन्या घरांची जोती वर येतात. यंदा ती दिसत होती. आत्याला घेऊन आम्ही सगळे उतरलो. पाणी चढलं तेव्हा ती दहा-बारा वर्षांची होती. पायांना आता चढ-उतार सोसत नाही, म्हणून दोन नातवांनी तिला आधार दिला. भेगाळलेल्या मातीतून ती कुठेही न चुकता चालत गेली, कुणाचं घर कुठलं ते सांगत. एका जोत्यापाशी थांबली. दगडांच्या दोन ओळी, मध्ये एक उंबऱ्याचा दगड, आणि कोपऱ्यात गाळानं अर्धी भरलेली खळगी.

"हिथं जातं हुतं," ती म्हणाली. "सकाळच्या पारी आई दळायची आन् मी तिच्या मांडीला डोकं लावून निजायची."

माझ्या मुलानं विचारलं, "पाणी आलं तेव्हा तुम्ही पळालात का आत्याआजी?"

"पाणी काय पळत न्हाई आलं बाळा. पहिल्या पावसाळ्यात खालची खाचरं गेली. दुसऱ्यात खळं. आमी बघतच हुतो. मग आबांनी वासं काढलं, चौकटी काढल्या, आडं काढलं आन् बैलावर घालून वर नेलं. काल ज्या आड्यावर पोरं बसली हुती ना, ते हिथलंच."

मुलं एकदम गप्प झाली आणि वर डोंगराकडे बघू लागली. तिथून आमच्या घराची लाल कौलं दिसतात. आत्या रडली नाही. तिनं उंबऱ्याच्या दगडावर हळद-कुंकू वाहिलं आणि त्यावर बसून सगळ्यांना करवंदं वाटली. पडीक जोत्यावर घरातली पस्तीस-चाळीस माणसं बसून करवंदं खात होती. कुणी बिया किती लांब थुंकता येतात ते बघत होतं, कुणी भिंत कुठवर होती ते पावलांनी मोजत होतं. आत्या म्हणाली, "घर भरल्यासारखं वाटतंय." तिच्या तोंडून हे ऐकलं आणि ही सगळी दगदग कशासाठी असते ते मला नेमकं कळलं.

तरण्यांसाठी आणखी एक सहल असते, वासोट्याची. बामणोलीहून वनखात्याची परवानगी घ्यायची आणि लाँचनं जलाशय ओलांडून मेट इंदवलीला उतरायचं. कोयना अभयारण्य 1985 मध्ये जाहीर झालं, आणि 2010 मध्ये चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. त्यामुळे इथे मुक्काम करता येत नाही आणि संध्याकाळच्या आत परतावं लागतं. सुरुवातीला ओढ्याकाठी मारुती आणि गणपतीच्या मूर्ती लागतात, आणि पुढे झाडी इतकी दाट होते की भर वैशाखात ऊन अंगावर येत नाही. वाटेत गव्यांच्या खुरांचे ठसे होते. एका उंच फांदीवर शेकरू शेपटी सोडून बसलं होतं. सोलापूरच्या मुलांनी ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्याकडे माळरान आणि ऊस. झाडांखालून तासभर चालण्याची त्यांना सवय नाही. ती मागे पडली की ठाण्याची मुलं थांबत होती. वर महादेवाचं देऊळ आहे, पाण्याची टाकी आहेत, चुन्याचा घाणा आहे. बाबूकड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं आणि मागे वळलं की शिवसागरचं निळं पाणी. दोन्हीकडे आपली माणसं आहेत, हे त्या कड्यावर मुलांना सांगावं लागलं नाही.

यात्रेचा दिवस मात्र सगळ्या गावाचा. सकाळी देवाला अभिषेक, दुपारी नैवेद्य, रात्री छबिना. पालखी देवळातून निघते तेव्हा ढोल-ताशाचा आवाज समोरच्या डोंगरावर आदळून परत येतो. आमच्या गावात पहिला खांदा बाहेरगावाहून आलेल्यांचा असतो. धरणात गाव गेलं तेव्हा जे लांब गेले त्यांचा मान मोठा, असं जुन्या लोकांनी ठरवलं. यंदा पुढच्या दांड्याला बापूकाका होते आणि शेजारी त्यांचा नातू. गुलालानं दोघांचे चेहरे एकसारखे झाले होते. पालखी प्रत्येक दारी थांबते. ज्या घरांना आता बारा महिने कुलूप असतं, तीही या दिवशी उघडतात, सारवली जातात, दारात रांगोळी पडते. आमच्या दारात काकीनं देवाच्या पायांवर पाणी घातलं आणि माहेरवाशिणी म्हणून आम्हा सगळ्या लेकींच्या ओट्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पडवीत बैठक बसते. वर्गणीचा हिशोब होतो, वर्षभरात गेलेल्यांची नावं घेतली जातात, नव्या जन्मलेल्यांची सांगितली जातात. यंदा एका भावानं विषय काढला. वयस्कर माणसांना हा प्रवास झेपत नाही, चढणीवर जीव घाबरा होतो, तर पुढच्या वर्षीपासून पनवेलच्या बाजूला एखादा हॉल घेऊन तिथे जमावं. त्याचं म्हणणं काळजीपोटी होतं आणि ते सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. तापोळ्याजवळ अहीरकडे जायला पूल होतोय, तो झाला की प्रवास सोपा होईल, असं कुणीतरी म्हणालं. मग तात्यांकडे सगळे बघू लागले.

तात्या म्हणाले, "हॉलात जेवण मिळंल, पंखं असतील. पण तिथं पोरं कौलं कुठनं चाळतील?"

मला त्यांचं पटलं. हॉलमध्ये आपण एकमेकांचे पाहुणे असतो. वेळेवर जातो, जेवतो, फोटो काढतो, निघतो. डोंगरातल्या या घरात कुणीच पाहुणा नसतो. छप्पर गळलं तर ते सगळ्यांचं गळतं. सरपण कमी पडलं तर सगळ्यांना पुन्हा रानात जावं लागतं. एकमेकांचा स्वभाव, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला रात्री अंधाराची भीती वाटते, कुणाचा हात सढळ आहे, हे सोबत राबल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय नातेवाईक असण्याला काही अर्थ येत नाही. ज्यांचं गाव अजून डोंगरात शिल्लक आहे, त्यांनी मुलांना घेऊन उन्हाळ्यात तिथे जावं. चार दिवस तरी राहावं, आणि मुलांच्या हातात काम द्यावं. गाव पाण्याखाली गेलं तरी भावकी टिकवता येते हे आमच्या आजीनं करून दाखवलं. ज्यांचं गाव कोरड्या जमिनीवर उभं आहे त्यांना तर हे नक्की जमेल.

बैठकीत शेवटी ठरलं की यात्रा गावातच. मात्र पुढच्या वर्षीची कामं तरुणांनी वाटून घ्यायची. कौलांची जबाबदारी ठाण्याच्या भाच्यावर, वासोट्याच्या परवानगीची सोलापूरच्या भाचीवर. लाँच ठरवायचं काम माझ्या लेकीनं मागून घेतलं. तिनं वहीत सगळ्यांचे नंबर लिहून घेतले आणि लाँचवाल्याशी तिथूनच बोलली. लाँच दुपारची नको, सकाळी आठची हवी, म्हणून तिनं आग्रह धरला. का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "सोलापूरच्या काकूंना ऊन व्हायच्या आत वर पोचायचं असतं. यंदा मी त्यांच्याबरोबर चढले ना."